नोकरी नाही, राहणं परदेशात आणि फिरायला जायचंय तिसऱ्याच देशात

बडोद्यातल्या मराठी घरांत हल्ली एक प्रश्न सारखा कानावर येतो. मुलगा लंडनला एमएस्सी संपवून बसलाय, नोकरी अजून लागलेली नाही, हातात मोकळे आठवडे आहेत आणि मित्रांबरोबर पॅरिसला जायचंय. किंवा मुलगी लग्न होऊन दुबईला गेलीय, जावयांच्या व्हिसावर राहते, स्वतःचा पगार नाही आणि दोघांना स्वित्झर्लंड बघायचंय. नोकरी नसताना टुरिस्ट व्हिसा मिळेल का? कारेलीबागेतले काका सांगतात, नावच काढू नकोस, एकदा रिजेक्ट झालं की कायमचा शिक्का बसतो. अलकापुरीतला एखादा एजंट सांगतो, काळजी नको, सॅलरी स्लिप आपण 'करून' देऊ. दोन्ही सल्ले घातक आहेत, त्यामुळे हे नीट समजून घेऊ.

आधी मूळ गोष्ट. नोकरी नसणं हे व्हिसा नाकारण्याचं कारण म्हणून कायद्यात लिहिलेलंच नाही. एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश फिरता येतात तो शेंगेन व्हिसा, आणि त्याचे नियम युरोपीय संघाच्या २००९ च्या ८१० क्रमांकाच्या विनियमात आहेत, त्याला व्हिसा कोड म्हणतात. त्याच्या ३२ व्या कलमात नकाराची कारणं दिलीत: खोटी कागदपत्रं, प्रवासाचा हेतू स्पष्ट नसणं, खर्चापुरते पैसे न दाखवणं, मुदत संपल्यावर माणूस बाहेर पडेल की नाही अशी रास्त शंका, वगैरे. बेरोजगार हा शब्द त्या यादीत नाही. पण नोकरी नसली की या कारणांपैकी दोन आपोआप जवळ येतात, पैशाचं आणि परतण्याचं. नोकरी असलेल्या माणसाच्या फायलीत कंपनीचं एक पत्र असतं, अमुक पगार, अमुक तारखेपर्यंत रजा मंजूर. त्या एका कागदानं दोन्ही प्रश्न सुटतात. तुमच्याकडे तो कागद नाही, म्हणजे तेच काम तुम्हाला दुसऱ्या चार कागदांकडून करून घ्यायचंय.

परतायचं कुठे?

इथे बडोद्यातले आईवडील हमखास एक गोष्ट करतात. मुलाला घराचा दस्तावेज, महानगरपालिकेचं वेराबिल, आजोबांच्या जमिनीचा सातबारा असं सगळं स्कॅन करून पाठवतात. त्यामागची माया कळते, पण मुलगा लंडनमध्ये राहून फ्रान्सचा व्हिसा मागत असेल तर फ्रेंच अधिकाऱ्याचा प्रश्न असतो: हा दहा दिवसांनी लंडनला परत जाईल का? मुलानं बडोद्याला परत जावं अशी अधिकाऱ्याची अपेक्षाच नाही. बडोद्याचं घर कुटुंबाची स्थिती दाखवायला थोडं उपयोगी पडतं, परतीचा पुरावा म्हणून त्याची किंमत फार कमी. त्यापेक्षा लंडनच्या खोलीचा भाडेकरार, तिथलं बँक खातं, कौन्सिल टॅक्सचं (तिथल्या स्थानिक कराचं) पत्र, पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीचा ईमेल हे जास्त बोलतात.

आणि सगळ्यात जास्त बोलतो तो तिथे राहण्याचा परवाना. ब्रिटनमध्ये पदवी घेतल्यावर जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्यावर बहुतेकांना दोन वर्षं राहता येतं आणि जवळपास कुठलीही नोकरी करता येते. (१ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी, पीएचडीवाले सोडून, ही मुदत १८ महिने होणार आहे.) आता अधिकाऱ्याच्या बाजूनं विचार करा. ज्याला ब्रिटनमध्ये कायदेशीर काम करण्याचा हक्क आहे आणि तो हक्क अजून चौदा महिने शिल्लक आहे, तो माणूस पॅरिसमध्ये बेकायदा लपून राहून हा हक्क कशाला फेकून देईल? हा मुद्दा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम आहे आणि बहुतेक जण तो लिहितच नाहीत. नोकरी नाही म्हणून खाली मान घालून अर्ज करतात आणि हातातली खरी ताकद व्हिसाच्या झेरॉक्समध्ये दडून राहते.

म्हणून परवान्याची मुदत किती उरलीय यावर सगळं फिरतं. बहुतेक शेंगेन वकिलाती असा आग्रह धरतात की तुमचा राहण्याचा परवाना त्यांच्या देशातून निघाल्यानंतर किमान तीन महिने तरी चालू असावा. पासपोर्टचंही तसंच: निघाल्यानंतर तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन पानं कोरी. ब्रिटनमध्ये पूर्वी या परवान्याचं प्लॅस्टिकचं बीआरपी कार्ड असायचं, आता ई-व्हिसा आहे. त्यामुळे ऑनलाइन खात्यातून आपल्या स्टेटसची प्रिंट आणि शेअर कोड (ज्यानं दुसऱ्याला तुमचं स्टेटस ऑनलाइन तपासता येतं) काढून फायलीत ठेवायचा.

अर्ज कुठून करायचा

शेंगेनचा नियम असा की तुम्ही जिथे कायदेशीर राहता तिथल्या वकिलातीत अर्ज करायचा. लंडनला राहणारा मुलगा दिवाळीला घरी आला आणि म्हणाला की अहमदाबादच्या केंद्रातूनच अर्ज टाकतो, आईच्या हातचं खातखात, तर ते सरळ होत नाही. जिथे तुम्ही फक्त तात्पुरते आहात तिथून अर्ज करायला नियमात वाट आहे, पण 'राहत्या देशातून का केला नाही' याचं पटण्यासारखं कारण द्यावं लागतं. सुट्टीवर आलो होतो, हे कारण पुरत नाही.

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. कुठल्या देशाकडे अर्ज करायचा हे कुठे किती रात्री मुक्काम आहे ते मोजून ठरतं. पॅरिसला पाच, ॲमस्टरडॅमला तीन, रोमला दोन असतील तर फ्रान्स. रात्री सारख्या असतील तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार तो देश. कुणाचा स्लॉट लवकर मिळतोय म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज टाकून नंतर बेत बदलायचा, ही युक्ती सर्रास सांगितली जाते. नोकरी नसलेल्यानं ती अजिबात करू नये. आधीच हेतूवर बारीक नजर असणार, त्यात बुकिंग आणि अर्ज जुळले नाहीत तर सावरायला काही उरत नाही.

व्हीएफएस, टीएलएस, बीएलएस या वकिलातींसाठी अर्ज घेणाऱ्या खासगी कंपन्या; त्यांची केंद्रं फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात. निर्णय वकिलात देते. काउंटरवरचा माणूस 'एम्प्लॉयर लेटर नाही का?' असं विचारतो तेव्हा पोटात गोळा येतो, पण तो त्याच्या यादीवर टिक करत असतो. 'मी सध्या नोकरीत नाही, खुलासा पत्रात आहे' एवढं शांतपणे सांगायचं.

ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा कुठल्याही देशातून मागता येतो. अमेरिकेनं मात्र ६ सप्टेंबर २०२५ पासून सूचना दिलीय की टुरिस्ट व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसाची मुलाखत नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच घ्यावी. म्हणजे दुबईच्या माणसाला अमिरातीतली किंवा भारतातली वकिलात, बँकॉकला स्लॉट मोकळे दिसतात म्हणून तिथे जायचं नाही. अमेरिकेच्या कायद्याचं २१४(बी) हे कलमही लक्षात ठेवा. त्यात गृहीतच असं धरलंय की समोरचा माणूस कायमचं राहायला येतोय, तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते आणि कागद क्वचित बघतात, त्यामुळे नोकरी नसलेल्याला तिथे जास्त जड जातं. माझा सल्ला विचाराल तर पहिला मोठा प्रवास अमेरिकेचा ठरवू नका.

पैसे: किती, कुणाचे, कुठून आले

आकड्यापेक्षा पैशाची वाट महत्त्वाची. फ्रान्स हॉटेलचं बुकिंग असलेल्याकडून दिवसाला ६५ युरोचा हिशेब धरतो, बुकिंग नसेल तर १२०. दहा दिवसांचे ६५० युरो म्हणजे फार मोठी रक्कम नाही. तरी लोक घाबरून आठवडाभर आधी खात्यात पाच हजार पाउंड आणून ओततात. कुणा मित्राकडून उसने घेतात, स्टेटमेंट काढतात आणि परत देतात. अधिकारी रोज अशी शेकडो स्टेटमेंट बघतो. तीन महिने खात्यात ४०० पाउंड आणि अचानक एका दिवशी पाच हजार, हे त्याला पहिल्याच नजरेत दिसतं, आणि मग खरे असलेले पैसेही खोटे वाटायला लागतात.

बाबांनी पैसे दिले असतील तर त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. बँकेतून रीतसर पाठवा, पावती ठेवा. समजा बाबांनी एफडी मोडून पैसे पाठवले, तर एफडी मोडल्याची पावती, त्यांच्या खात्यातली नोंद, परदेशी पाठवल्याची पावती आणि मुलाच्या खात्यातली जमा, अशी साखळी एकापाठोपाठ एक लावायची. सोबत बाबांचं एक पत्र: हा माझा मुलगा, या प्रवासाचा खर्च मी करतोय, माझं पेन्शन इतकं. शेवटच्या दोन-तीन वर्षांचे आयटीआर आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट. सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट अनेक जण आग्रहानं जोडतात. असलं तर चांगलं, पण ज्या खात्यातून पैसे खरोखर निघणार आहेत त्याच्या स्टेटमेंटची जागा ते घेऊ शकत नाही.

नातं दाखवायला जन्मदाखला लागतो आणि आपल्याकडचा जुना जन्मदाखला बहुधा गुजरातीत असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं छापलेली असतील तर त्याचीही झेरॉक्स जोडा, तो सरकारी पुरावाच आहे. नाव-आडनावाचा क्रम मात्र तपासा. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गायब, असं आपल्याकडे फार होतं आणि परदेशी माणसाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. पत्रात एक ओळ लिहून हे स्पष्ट करता येतं.

स्वतःची बचत असेल तर ती सगळ्यात उत्तम. आधीच्या नोकरीच्या शेवटच्या काही सॅलरी स्लिप आणि रिलीव्हिंग लेटर जोडलं की पैसा कुठून आला हे कळतं, आणि तुम्ही काम करणारे आहात हेही कळतं.

कव्हर लेटर

नोकरी असलेल्याचं कव्हर लेटर कुणी फारसं वाचत नसेल. तुमचं वाचलं जाईल, म्हणून त्यावर एक पूर्ण संध्याकाळ घालवा. एक पान पुरे. त्यात दयेची याचना नको, आयफेल टॉवरची स्तुतीही नको. लंडनच्या त्या मुलाचं पत्र साधारण असं असावं:

'माझा एमएस्सीचा अभ्यास सप्टेंबरमध्ये पूर्ण झाला. सध्या मी नोकरीत नाही, डेटा ॲनालिस्टच्या जागांसाठी अर्ज करत आहे. माझा ग्रॅज्युएट व्हिसा पुढच्या वर्षी नोव्हेंबरपर्यंत वैध असून त्यावर मला ब्रिटनमध्ये काम करता येतं. माझा भाडेकरार ऑगस्टपर्यंत आहे. ४ ते १३ मे या काळात मला फ्रान्स आणि नेदरलँड्स बघायचे आहेत, कारण नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी सलग रजा मिळणं अवघड असतं. खर्च अंदाजे ११०० युरो असून त्यातले ७०० माझ्या बचतीतून आणि बाकीचे वडील देत आहेत; दोघांची स्टेटमेंट जोडली आहेत. १३ मे रोजी रात्री मी लंडनला परतेन. १८ मे रोजी माझी एक मुलाखत ठरलेली आहे, तिचा ईमेल सोबत आहे.'

यातल्या प्रत्येक वाक्याला फायलीत एक कागद आहे. ज्या वाक्याला कागद नाही ते लिहू नका. 'मी नोकरी शोधतोय' असं लिहायला बरेच जण कचरतात, वाटतं की युरोपात नोकरी शोधायला चाललाय असा संशय येईल. कुठे शोधताय हे लिहिलं की तो संशय उरत नाही. आणि नोकरीचं ऑफर लेटर आलेलं असेल, रुजू व्हायची तारीख पुढच्या महिन्यातली असेल, तर ते सगळ्यात वर लावा.

फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात जे खरं आहे तेच. फ्रीलान्स काम खरोखर चालू असेल, बिलं आणि कर भरल्याचे कागद असतील, तर स्वयंरोजगार लिहा. मित्राची वेबसाइट एकदा करून दिली म्हणून नाही.

गृहिणी म्हणजे बेरोजगार नव्हे

दुबई, मस्कत, न्यू जर्सी, कुठेही नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मुली फॉर्म भरताना 'अनएम्प्लॉइड' लिहून मोकळ्या होतात. गृहिणी हा वेगळा आणि पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे, तो लिहा. तिच्या फायलीत नवऱ्याचे कागद लागतात: पगाराचा दाखला, कंपनीचं पत्र, त्याचा राहण्याचा परवाना, त्याचं स्टेटमेंट, आणि तो बरोबर जात नसेल तर खर्च करण्याचं पत्र. लग्नाचा दाखला इंग्रजीत. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर दाखल्यानं दोन नावं जोडली जातात. लग्नाचे फोटो आणि पत्रिका जोडायचा सल्ला मिळतो. रजिस्टर झालेला दाखला असेल तर त्याची गरज नाही.

कधी अर्ज करूच नये

हा भाग मनापासून सांगतोय, कारण इथे व्हिसा मिळूनही नुकसान होऊ शकतं.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात नवी कंपनी शोधायची किंवा स्टेटस बदलायचं. ही सवलत अमेरिकेत राहण्यासाठी आहे. त्या काळात 'मन हलकं करायला' मेक्सिकोला गेलात तर त्या सवलतीवर परत आत येता येत नाही. तिथे घालवलेला आठवडा आयुष्याची दिशा बदलू शकतो.

ब्रिटनमध्ये जुना व्हिसा संपत आला आणि नव्यासाठी अर्ज टाकलाय, उत्तर यायचंय. अशा वेळी देशाबाहेर पडलात तर तो अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. ब्रिटन, आयर्लंड आणि आजूबाजूच्या बेटांचा जो सामाईक प्रवासपट्टा आहे, त्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. खूप मुलांना हे ठाऊक नसतं, म्हणून घरच्यांनीही लक्षात ठेवावं.

आखातात नोकरी सुटली की कंपनी परवाना रद्द करते आणि निघायला किंवा दुसरी नोकरी धरायला ठरावीक दिवस मिळतात. रद्द झालेल्या परवान्यावर शेंगेनचा अर्ज उभाच राहत नाही. घरी बडोद्याला या, आणि इथे स्थिरावल्यावर इथून अर्ज करा. तेव्हा तुमचा राहता देश भारत असेल आणि तेव्हा दस्तावेज, वेराबिल, एफडी या सगळ्याला खरी किंमत येईल. भारतात राहणाऱ्यांसाठी युरोपीय आयोगानं एप्रिल २०२४ मध्ये एक चांगली सवलतही आणलीय: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढे दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो.

'करून' दिलेल्या कागदांबद्दल

खोटी सॅलरी स्लिप, खोटं कंपनीचं पत्र, फुगवलेलं स्टेटमेंट. यांच्या बाजूनं एकही शब्द बोलता येणार नाही. साध्या नकारात फी जाते, प्रवास हुकतो, पुढे पुन्हा अर्ज करता येतो. खोटेपणा सापडला तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकतं, कॅनडात पाच वर्षांची बंदी आहे, अमेरिकेत ती कायमची लागू होते. एजंटचं नाव कुठेच येत नाही, सही तुमची असते. हॉटेल आणि विमानाचं रद्द करता येण्यासारखं खरं बुकिंग करणं यात येत नाही, ते चालतं. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू मात्र नका.

वेळ, फी, आणि नकार आलाच तर

शेंगेनची फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचं शुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि पंधरा दिवसांपेक्षा उशिरा करू नये. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, शंका असली तर ४५ पर्यंत लांबतो, आणि नोकरी नसलेल्याच्या अर्जात शंका असण्याची शक्यता जास्त, तेव्हा दीड-दोन महिने हातात ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात.

नकार आला तर सोबत एक छापील फॉर्म येतो, त्यात कारणावर खूण असते. ती खूण म्हणजे पुढच्या अर्जाची दिशा. पैशावर खूण असेल तर पैशाची साखळी पुन्हा बांधा. परतण्याच्या शंकेवर असेल तर बहुधा परवान्याची मुदत कमी उरलीय किंवा पत्रात तुमचं तिथलं आयुष्य दिसलं नाही. तेच कागद तसेच परत टाकले तर तेच उत्तर येतं. अपिलाचा हक्क आहे, रीत देशागणिक वेगळी. जर्मनीनं वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केलीय, तिथे आता नवा अर्ज किंवा थेट कोर्ट. फिरायच्या प्रवासासाठी नवा अर्जच शहाणपणाचा.

आणि पुढे कुठल्याही देशाच्या फॉर्मवर 'आधी कधी व्हिसा नाकारलाय का' असं विचारलं तर 'हो' लिहा, देश, महिना आणि कारणासह. शेंगेनच्या सामाईक यंत्रणेत ती नोंद पाच वर्षांपर्यंत राहते, त्यामुळे 'नाही' लिहिलंत तर तो खोटेपणा ठरेल.